सुताराचा हिशेब आणि अर्थशास्त्राचे गणित



दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. “गणित जमत नाही ना, मग आर्ट्सला टाका.” मलाही असेच टाकले होते. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो, गुण बरे मिळाले. पुढे एम.ए.ला नाव घातले आणि गणिती पद्धतींच्या पेपरात असा अडकलो की वर्ष अर्धवट सोडून घरी आलो. माझ्या नावापुढे बी.ए., बी.एड. एवढेच आहे, त्याचे कारण हे. ज्या प्रकरणाने मला घरी पाठवले, ते मी पुढे शिक्षक झाल्यावर नववीच्या बीजगणिताचे पुस्तक शेजारी ठेवून शिकलो. ते होते लिनियर प्रोग्रॅमिंग, म्हणजे रेषीय नियोजन. येथे प्रोग्रॅमिंग म्हणजे कॉम्प्युटरची आज्ञावली नव्हे. हाताशी असलेले सामान, वेळ आणि पैसा कशावर किती खर्च करावा, याचा तो आराखडा होय.

माझे चाचा सुतारकाम करीत. चंद्रपूरचे सागवान आपल्याला नवे नाही, तेव्हा उदाहरण त्यांच्याच कामाचे घेऊ. आकडे मात्र समजण्यापुरते माझे आहेत. समजा, महिन्याला २३ घनफूट लाकूड मिळते आणि कामाचे दिवस २५. एका कपाटाला ५ घनफूट लाकूड व ३ दिवस लागतात. नक्षीच्या झोपाळ्याला लाकूड ३ घनफूटच, पण दिवस ५. लाकडाची किंमत वजा जाता कपाटामागे ८ हजार रुपये सुटतात, झोपाळ्यामागे ५ हजार. तर कपाटे किती करावीत आणि झोपाळे किती?

आलेख-कागद घ्या. आडव्या अक्षावर कपाटे, उभ्या अक्षावर झोपाळे. लाकडाची एक रेषा काढा, दिवसांची दुसरी. दोन चलांतील रेषीय समीकरणे आपण नववी-दहावीत सोडवतो, त्याहून येथे काही जास्त नाही. दोन्ही रेषांच्या आतल्या बाजूला एक चौकोनी तुकडा राहतो. चाचांना जे जे शक्य आहे, ते सारे त्या तुकड्यात आहे. आणि सर्वांत जास्त नफा नेहमी त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतो. कोपरे चारच. काहीच केले नाही तर शून्य. नुसती कपाटे केली तर ४.६ कपाटे, नफा ३६ हजार ८००. नुसते झोपाळे केले तर ५, नफा २५ हजार. दोन्ही रेषा छेदतात तेथे २.५ कपाटे, ३.५ झोपाळे, नफा ३७ हजार ५००. उत्तर मिळाले!

पण अर्धे कपाट कोण विकत घेतो? अपूर्णांक सोडून द्या म्हटले, तर २ कपाटे, ३ झोपाळे, नफा ३१ हजार. एखादा आकडा वर ओढला, तर कुठे लाकूड पुरत नाही, कुठे दिवस पुरत नाहीत. आणि खरे उत्तर तर वेगळ्याच ठिकाणी बसलेले असते. ४ कपाटे आणि १ झोपाळा करा, ३७ हजार सुटतात. पडताळून पाहा, लाकूड बरोबर २३ घनफूट लागते, दिवस १७. आठ दिवस रिकामे राहूनही नफा अधिक! उत्तर पूर्ण संख्येतच हवे, या अटीचे हे जे शास्त्र, त्याला पूर्णांक नियोजन म्हणतात. ते मूळ विषयाहून पुष्कळ अवघड आहे. राल्फ गोमोरी यांनी १९५८ मध्ये त्यासाठी एक रीत दिली. दुसरी, आज सर्वत्र वापरली जाणारी रीत १९६० मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोन स्त्रियांनी मांडली. मुलींच्या पालकांनी ही नावे लक्षात ठेवावीत.

मूळ विषयाची सुरुवातही लाकडापासूनच झाली. लेनिनग्राडच्या प्लायवूड कारखान्यांत कोणत्या यंत्रावर कोणते लाकूड सोलावे, हा प्रश्न लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे आला आणि १९३९ मध्ये त्यांनी त्याचे उत्तर छापले. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर सरकत जाण्याची सिम्प्लेक्स पद्धत शोधली. १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल कांतोरोविच आणि त्यालिंग कूपमन्स यांना मिळाले. डँट्झिग वगळले गेले, ते मला आजही पटत नाही. कूपमन्स यांनी दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजांचा हिशेब केला होता. वर्धा खोऱ्यातल्या कोणत्या खाणीचा कोळसा कोणत्या वीजकेंद्राला पाठवला म्हणजे एकूण वाहतूक स्वस्त पडेल, हा प्रश्नही त्याच जातीचा. आणि १९८४ मध्ये कोपऱ्यांवरून न जाता तुकड्याच्या आतून वाट काढणारी जलद पद्धत ज्यांनी दिली, ते नरेंद्र करमरकर मराठी घरातले. त्यांचे शिक्षण मुंबईच्या आय.आय.टी.त झाले.

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी जी खरी गोष्ट, ती सांगतो. नफ्याचे उत्तर काढताना गणित आणखी एक उत्तर देते. त्याला छाया-किंमत म्हणतात. आपल्या उदाहरणात एक घनफूट जादा लाकडाची छाया-किंमत येते १,५६२ रुपये ५० पैसे, आणि एका जादा दिवसाची केवळ ६२ रुपये ५० पैसे. म्हणजे नेहमीच्या भावावर हजार रुपये चढे देऊनही लाकूड आणणे परवडेल, पण रोजंदारीवर गडी लावला तर घाटा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात सीमांत मूल्याची व्याख्या मी पाठ केली होती, गुणही मिळवले होते. ती व्याख्या कळली मात्र या आकड्याने.

चाचांना मी हे दाखवले, तेव्हा ते लगेच म्हणाले, “आणि ते आठ दिवस मी काय बसून राहू?” प्रश्न रास्त होता. दुरुस्तीची कामे आपण हिशेबात धरलीच नव्हती. ती धरली की तिसरा चल येतो, कागद अपुरा पडतो आणि सिम्प्लेक्सची गरज लागते. बारावी कॉमर्सच्या गणितात आलेखाची रीत आहेच. आर्ट्सच्या मुलांनीही ते पुस्तक मागून आणावे. पुढचे कॉम्प्युटरवर एक्सेलमधले सॉल्व्हर करून देते, परंतु आधी दहा उदाहरणे हाताने काढलेली असावीत, असे माझे मत आहे.

एक उदाहरण आजच देतो. लाकूड २३ ऐवजी २४ घनफूट झाले, तर ३ कपाटे आणि ३ झोपाळे होतात व नफा ३९ हजार येतो. म्हणजे एका घनफुटाने २ हजारांची भर पडली, आणि छाया-किंमत तर १,५६२ रुपये ५० पैसे सांगत होती. हे कसे? आलेख-कागदावर काढून पाहा आणि मला आणून दाखवा. रविवारी सकाळी मी शाळेतच असतो.