पाहणं शिकावं लागतं
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मॅचिंग सेंटरमध्ये साडीवर ब्लाउजपीस घ्यायला गेलेल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आत ट्यूबलाइटखाली साडी आणि पीस अगदी एकरंगी दिसतात. पण जाणती बाई तेवढ्यावर पैसे मोजत नाही. दोन्ही घेऊन ती दुकानाच्या पायरीवर येते, उन्हात धरते आणि म्हणते, "नाही हो, हा जरा पिवळ्यावर जातोय." दुकानदारही वाद न घालता दुसरा पीस काढतो.

कापड तेच, डोळे तेच. बदलला तो उजेड. मग रंग नेमका असतो कुठे?

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी मुख्यतः दोन जातींच्या असतात. दंडपेशी सुमारे १२ कोटी. त्या मंद उजेडात कामाला येतात, पण त्यांना रंग कळत नाही. शंकूपेशी सुमारे ६० लाख, आणि त्या तीन प्रकारच्या. कुणी लांब लहरींना अधिक दाद देते, कुणी मधल्या, कुणी आखूड. डोळ्यात असे तीनच ग्राहक असावेत, हा तर्क टॉमस यंग यांनी १८०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला होता, तोही केवळ विचाराच्या बळावर. म्हणजे जगातल्या साऱ्या छटांना साक्षीदार तिघेच! दोन निराळ्या रंगद्रव्यांवरून आलेला प्रकाश या तिघांना सारखाच चेतवत असेल, तर आपल्याला रंग एकच दिसतो. ट्यूबलाइटखाली साक्ष जुळते आणि उन्हात फुटते, ती यामुळे.

पण गोष्ट इथे संपत नाही. पॅरिसच्या गोबलॅं या गालिचे आणि भित्तिपट विणणाऱ्या प्रसिद्ध कारखान्यात १८२४ साली मिशेल शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख झाले. विणकरांची तक्रार त्यांच्यापुढे आली : निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी दिलेला काळा धागा फिका पडतो, रंगाई कच्ची आहे. शेव्हरल यांनी दुसरीकडून नावाजलेली काळी लोकर मागवली आणि आपल्या लोकरीशी ताडून पाहिली. काळा उत्तम होता, रंगाईत खोट नव्हती. खोट शेजारात होती. निळ्याला खेटून बसलेल्या काळ्यावर निळ्याच्या विरुद्ध रंगाची, नारिंगी झाक आल्याचा भास होतो आणि तो उतरल्यासारखा वाटतो. तोच धागा पांढऱ्याशेजारी ठेवा, गडद काळा दिसेल. हा शोध घेता घेता १८३९ साली त्यांचा रंगांच्या परस्परविरोधावरचा ग्रंथ निघाला आणि पुढे चित्रकारांच्या पिढ्यांनी तो अभ्यासला.

शेजारच्या रंगांशी तुलना करण्याची हीच सवय आपल्या उपयोगीही पडते. पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी रंगीत कागदांच्या तुकड्यांचा एक फलक केला आणि त्यावर तीन प्रक्षेपकांतून तीन रंगांचा प्रकाश टाकला. मग प्रकाशाचं प्रमाण असं बदललं, की आता हिरव्या तुकड्यावरून डोळ्यात येणारा प्रकाश मघाच्या लाल तुकड्यावरून येणाऱ्या प्रकाशाइतकाच आणि तसाच होता. तरी लोकांना हिरवा हिरवाच दिसला, कारण मेंदू भोवतालचे सगळे तुकडे तोलून पाहत होता. म्हणूनच सकाळच्या उन्हात आणि दिव्याखाली लिंबू पिवळंच राहतं. ब्लाउजपीससारखी फसगत क्वचित. एरवी हा हिशेब इतका बिनचूक असतो, की तो चालू आहे हेच कळत नाही.

आता आकाराकडे येऊ. १९५८ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे विद्युत्-संकेत ऐकत होते. काचेच्या पट्टीवरचा काळा ठिपका मांजराच्या डोळ्यांपुढे इकडून तिकडे नेत होते. पेशी ढिम्म. आणि एकदा पट्टी यंत्रात सरकवताना ती एकदम तडतडू लागली. ठिपक्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पट्टीच्या काठाची पुसट सावली सरकली, त्या रेघेला तिने उत्तर दिलं होतं, तेही विशिष्ट कोनातल्या रेघेला. मेंदूत आकाराची सुरुवात अशी होते : कुणी उभी कड ओळखतं, कुणी तिरपी, आणि पुढच्या पायऱ्यांवर त्यांतून वस्तू जुळते. या कामासाठी दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

रंग आणि आकार यांची कामं मेंदूत बरीचशी निरनिराळ्या जागी चालतात. १९८८ साली स्नानघरात कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या एका स्त्रीला नंतर रंग ओळखता येत, वस्तूचा पोत कळे. पण साधा चौकोन आणि आयत यांतला फरक सांगता येईना. उलट मेंदूच्या दुसऱ्या भागाला इजा झालेल्या काही माणसांना आकार स्वच्छ दिसतात आणि जग मात्र करडं होऊन जातं.

मग ही जुळणी मेंदू शिकतो कधी? ह्यूबेल-वीझल यांनी मांजराच्या पिलाचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. उघडल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदू त्याचं ऐकेनासा झाला होता. मोठ्या मांजरावर मात्र असा परिणाम होत नसे. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तान्हेपणीच करावी, या आजच्या शिस्तीमागे हे ज्ञान आहे.

याच्या पुढचं पाऊल आपल्या देशात पडलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'ने जन्मांध मुलांवर उपचार करवले आणि ती मुलं पाहायला कशी शिकतात, हे नोंदवलं. उशिरा दृष्टी मिळालेल्यांपुढे एकमेकांवर चढलेले वर्तुळ आणि चौकोन ठेवले, तर त्यांना दोन आकृत्या दिसत नसत. रेघांनी कापलेला प्रत्येक तुकडा ही त्यांना स्वतंत्र वस्तू वाटे. आकृती हलू लागली, की बरोबर सरकणारे तुकडे एक होत आणि आकार उमगे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ ते १७ वर्षांच्या ५ मुलांना हाताने चाचपलेली वस्तू शस्त्रक्रियेनंतर लगेच नजरेने ओळखता आली नाही. पण थोड्याच दिवसांत ती ओळखू लागली. नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही, हे खरं. तरी शिकण्याचं दार कायमचं बंदही होत नाही.

म्हणून इथे बसलेल्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना माझी कळकळीची विनंती आहे. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, डोळा तिरळा वाटला, किंवा एकच डोळा झाकल्यावर ते चिडून हात ढकलू लागलं, तर "मोठं झालं की जाईल" म्हणू नका. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा. शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. आणि आपल्या गावात एखादं मूल जन्मापासून दिसत नाही म्हणून घरी बसलेलं असेल, तर त्याचं वय न पाहता त्याला डॉक्टरांकडे न्या. काही मुलांचा अंधार बरा होण्यासारखा असतो, आणि तो तसा आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.