मेगावॅट पुरेसे, पण संध्याकाळी सातला?



विकसनशील देशाच्या वीजनिर्मितीचं भवितव्य ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वीजग्राहकांपुढे सांगा, असं संयोजकांनी मला सुचवलं. असा विषय आला की दिल्लीच्या तक्त्यांपासून सुरुवात करायची रीत आहे. मी ठाकुर्लीपासून करतो.

इथल्या ज्येष्ठांना ठाकुर्लीचं, म्हणजे चोळ्याचं पॉवर हाऊस चालू असलेलं आठवत असेल. जीआयपी रेल्वेला थळ आणि बोर घाटांत विजेची इंजिनं चालवायची होती, म्हणून तिनं १९२९च्या सुमारास उल्हासच्या काठी कोळशावरचं हे केंद्र उभारलं. त्याआधी टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला सह्याद्रीच्या पाण्यावर वीज केली होतीच. मागोमाग भिवपुरी आणि भिराही आले. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झालं, तेव्हा तारापूर ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. आणि १९९९ पासून चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटरच्या उच्चदाब एकदिश (एचव्हीडीसी) वाहिनीनं आपल्या पडघ्याला उतरते, १५०० मेगावॅटपर्यंत. दिवा इथे लागतो, राख चंद्रपुरात पडते. स्वस्त विजेची मागणी करताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो.

आता देशाचा आकडा. स्वातंत्र्याच्या वेळी भारताची स्थापित क्षमता होती १,३६२ मेगावॅट. आज ती साडेचार लाखांच्या पुढे आहे आणि २०२५ मध्ये तिच्यातला बिगरजीवाश्म वाटा निम्म्यावर गेला. अभिनंदनाचे फलक लागले, लागायलाच हवेत. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांपैकी सुमारे सत्तर टक्के अजून कोळशाची आहेत. तक्त्यावरचे मेगावॅट आणि मीटरवरची युनिटं यांत हे अंतर का? सूर्य मावळतो म्हणून.

डोंबिवलीकराचं घड्याळ बघा. सकाळी तो लोकलमध्ये, दुपारी नरिमन पॉइंटला नाहीतर बीकेसीत. त्याच्या घरावर आणि राज्यभरच्या सौर पॅनलांवर दुपारी बाराला ऊन रणरणतं, तेव्हा घराला कुलूप असतं. संध्याकाळी सातनंतर गाडी येते, लिफ्ट चालू, पंप चालू, एसी चालू, आणि त्या वेळी सौरवीज शून्य. आपली वसाहत म्हणजे संध्याकाळच्या मागणीचा चालताबोलता आलेख आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की, या देशापुढचा प्रश्न आता किती मेगावॅट हा राहिलेला नाही. कोणत्या वेळी, कोणत्या तारेनं आणि कुणाच्या खिशातून, हा आहे.

वेळेचं उत्तर शहापूर तालुक्यात २००८ पासून उभं आहे, पण तिकडे सहली जातात त्या फक्त धबधबे बघायला. घाटघरचा उदंचन प्रकल्प. वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं शहापुरात चोंढ्याला, मधे कड्याची उंची आणि भूमिगत वीजगृहात १२५ मेगावॅटची दोन यंत्रं. वीज मुबलक असते तेव्हा हीच यंत्रं पाणी वर चढवतात, टंचाईच्या तासांत तेच पाणी खाली सोडून वीज देतात. चार युनिटं घालून साधारण तीन परत मिळतात. घाट्याचा सौदा वाटतो ना? प्रकल्प आखला तेव्हा रात्रीची उरलेली औष्णिक वीज वापरायची कल्पना होती. आज दुपारची सौरवीज वापरा. वीज बाजारात दुपारी युनिटचा भाव दोन रुपयांच्या खाली उतरतो आणि संध्याकाळी दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो, असे दिवस आता उन्हाळ्यात येतात. या फरकात एक युनिट गमावणं मुळीच महाग नाही. टाटा पॉवरनं २०२३ मध्ये भिवपुरी आणि शिरवट्याला मिळून २८०० मेगावॅटच्या उदंचनासाठी राज्याशी करार केला, तो याच गणितावर. बॅटऱ्याही स्वस्त होत आहेत. तरी ज्या राज्याला देवानं सह्याद्री दिला त्यानं फक्त आयात बॅटऱ्यांकडे डोळे लावून बसावं, हे मला पटत नाही.

बाजार हा शब्द आला की आपल्याकडे दाभोळचं वीज केंद्र आठवतं. आठवायलाच हवं. वीज घ्या अथवा न घ्या, क्षमतेचे पैसे मोजा, अशा कराराखाली राज्य वीज मंडळ दबलं आणि २००१ मध्ये खरेदी थांबली. पण त्याच कथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. नोव्हेंबर २०१५ मध्ये मध्य रेल्वेनं मुक्त प्रवेशाखाली, म्हणजे विक्रेता स्वतः निवडून, त्याच दाभोळच्या केंद्राकडून वीज घ्यायला सुरुवात केली. केंद्र सरकारच्या गॅससवलतीचा टेकू होता, हे खरं. तरी ज्या केंद्रानं राज्याला रडवलं त्याच्याच विजेवर आपली कल्याण लोकल धावली. खरेदीदाराला निवड करता आली आणि करार बेताचा होता, एवढाच फरक. २००८ पासून वीज एक्स्चेंजवर सौदे होतात, २०१२ पासून तर पंधरा-पंधरा मिनिटांचे. पंचवीस वर्षांच्या करारांवर सह्या करणाऱ्यांनी हा पंधरा मिनिटांचा भाव रोज नजरेखालून घालावा.

भिवंडीबद्दल बोलल्याशिवाय या व्यासपीठावरून उतरणं बरं नाही. जानेवारी २००७ मध्ये तिथलं वितरण टोरंट या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून गेलं. त्याआधी गळती चाळीस टक्क्यांच्या वर होती, ती मोठ्या प्रमाणात उतरली. यंत्रमागवाल्यांच्या बिलांच्या तक्रारी मात्र चालूच राहिल्या. २०२० मध्ये हेच कळवा, मुंब्रा, शीळला झालं, मोर्चे निघाले. माझं मत सांगतो: चोरी थांबली हे चांगलंच, पण ती थांबवायला महावितरणचा प्रामाणिक कनिष्ठ अभियंता पुरेसा होता, फक्त त्याच्यामागे कुणी उभं राहिलं असतं तर.

आणि तारा. १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमारास पडघा-कळवा दरम्यानच्या वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती, दुसरी पडली, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. देशात वीज कमी नव्हती. राज्याचं भार प्रेषण केंद्र ऐरोलीत, म्हणजे आपल्या शेजारी आहे, तरी आपल्याला त्या दिवशीच त्याचं अस्तित्व कळलं. आता त्याच ऐरोली-महापे पट्ट्यात चोवीस तास वीज खाणारी डेटा सेंटरं उभी राहत आहेत. त्यांच्यासाठी लागणाऱ्या उपकेंद्रांचा खर्च घरगुती ग्राहकाच्या बिलात किती मिसळतो, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

सौरछताबद्दल थोडकंच. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही शहरं केंद्राच्या ‘सौर शहर’ योजनेत होती. पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये, ५०० किलोवॅटपर्यंत. लिफ्ट आणि पंपाचं बिल त्यातून पुष्कळ उतरतं. अडतं ते गच्चीच्या हक्कावर, पत्र्याच्या शेडवर आणि सर्वसाधारण सभेत. ज्यांच्या इमारतीला भोगवटा दाखलाच नाही, त्यांना तर छतही कागदावर नाही. त्यांच्यासाठी दुसरीकडच्या पॅनलमध्ये भागीदारी घ्यायची सोय सोपी झाली पाहिजे, आणि ती मागणी कल्याणमधूनच जायला हवी.

राज्य वीज नियामक आयोग १९९९ पासून दरप्रस्तावांवर जाहीर हरकती मागवतो. उद्योगांचे सल्लागार शेकडो पानं घेऊन येतात. घरगुती ग्राहकाची खुर्ची बहुतेक वेळा रिकामी. अभियंता मित्रांना माझी विनंती आहे: आपल्या सोसायटीचं वर्षाचं बिल काढा, संध्याकाळी सहा ते दहा या वेळेतला वापर वेगळा मांडा, आणि पुढच्या सुनावणीला एक पानी हरकत मराठीत दाखल करा.