पायातील गोळे आणि मॅग्नेशियमची मात्रा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी वैद्य नाही. कापडाचा व्यापारी आहे. तथापि रात्री पोटरीत गोळा येणे, ज्यास आपण वांब येणे म्हणतो, ही तक्रार आपल्यातील अनेक ज्येष्ठांची आहे, म्हणून स्वानुभव निवेदन करतो.

कोणीतरी सुचविले म्हणून मी मॅग्नेशियम ऑक्साईडची 400 मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. गुण येईना, म्हणून स्वतःच दोन केल्या. गोळे राहिले ते राहिलेच, वर जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी वेष्टन पाहून जे समजाविले, ते वाणिज्य पदवीधरास आधीच उमगावयास हवे होते! ताग्यावर लिहिलेले मीटर आणि मोजून भरणारे मीटर वेगळे असू शकते, तसेच हे. 400 मिलिग्रॅम ऑक्साईडमध्ये शुद्ध मॅग्नेशियम सुमारे 240, तर तितक्याच सायट्रेटमध्ये सुमारे 65. अमेरिकेत आहाराव्यतिरिक्त दररोज 350 ही कमाल मर्यादा मानतात. मी 480 घेत होतो. मूत्रपिंड क्षीण असेल तर हे द्रव्य शरीरात साचते, म्हणून त्यांनी प्रथम क्रिएटिनिन तपासले. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर हवे, हेही त्यांनी सौभाग्यवतींस बजावले.

कोक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यानुसार वृद्धांच्या अशा गोळ्यांवर मॅग्नेशियमचा लक्षणीय उपयोग होण्याची शक्यता कमीच. माझ्या बाबतीत रक्तदाबासाठी चालू असलेली, लघवी वाढविणारी गोळी डॉक्टरांनी बदलली. मॅग्नेशियम बंद केले. चौविहार असल्याने, विशेषतः आपल्या खान्देशी वैशाखात, सूर्यास्तापूर्वी दिवसभर थोडे थोडे पाणी पिण्यास सांगितले. झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणणे, आणि गोळा आलाच तर पायाची बोटे स्वतःकडे ओढून धरणे, हेही शिकविले. आता महिन्यातून एखादेवेळी त्रास होतो. नेमके कशाने उतरले, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आपण जळगावकर प्रत्येक दुखण्यावर केळे सुचवितो. परंतु 100 ग्रॅम केळ्यात मॅग्नेशियम जेमतेम 27 मिलिग्रॅम. तितक्याच ज्वारीच्या पिठात त्याच्या चौपटीहून अधिक. दादरची भाकरी आपल्या ताटात आहेच.

ज्यांना डॉक्टर मॅग्नेशियम देतील, त्यांनी चौविहारामुळे रात्रीची मात्रा दुपारच्या जेवणानंतर चालेल का, हे त्यांनाच विचारावे. कॅप्सूल असल्यास वेष्टन अवश्य वाचावे. जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते; वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूलही मिळतात, आणि साधी गोळीही मागता येते.