दगडाची साक्ष, पडद्यावर

ज्वालामुखी, हवामान आणि माणसाचा इतिहास हा आपल्या चित्रपट-परिषदेचा विषय लालबाग-परळच्या गिरणगावाला परका नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. त्या काळ्या दगडाची झीज होऊन वऱ्हाड-खानदेशची काळी माती झाली, तिच्यात कापूस पिकला, तो रेल्वेने मुंबईत उतरला आणि इथल्या गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. त्या भोंग्यांमागे कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. भूगर्भशास्त्र, शेती आणि कामगारांचा इतिहास आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो. चित्रपटाला ही साखळी सलग दाखवता येते.

यावर अभ्यासकांचा एक आक्षेप असतो, आणि तो रास्त आहे. संगणकावर रंगवलेला लाव्हा इतका खरा वाटतो, की प्रेक्षक अंदाजालाच पुरावा समजून बसतो. डायनासोर दख्खनच्या लाव्हामुळे संपले का, हेच पाहा. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात त्या लाव्हावर दोन शोधनिबंध आले. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने सह्याद्रीत दोन लाव्हाप्रवाहांच्या मधे दबलेल्या लाल मातीतून झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक वेचले, त्यांचे वय काढले आणि उद्रेकाचा एक मोठा झटका विनाशाच्या आधी ठेवला. बर्कलेच्या गटाने आर्गॉन पद्धतीने वय मोजले. त्यांच्या मते बहुतांश लाव्हा विनाशानंतरचा. मग पडद्यावर काय दाखवायचे? माझे स्पष्ट मत आहे, की हा वादच दाखवावा. घाटातली ती लाल मातीची रेघ, चाळणीवरची माती, सूक्ष्मदर्शकाखालचा कण आणि एकमेकांशी न जुळणारे दोन आकडे, यांत कथेला लागणारी सगळी उत्कंठा आहे.

असे चित्रपट कोण पाहणार, असेही विचारले जाते. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपून ‘अंकुराची वाढ’ केला. डोळ्याला न दिसणारा काळ त्यात दिसला आणि त्या बळावर भांडवल उभे राहिले. आपल्या सिनेमाच्या मुळाशीच विज्ञानपट आहे. असा पट जीवही वाचवू शकतो. मोरिस आणि कातिया क्राफ्त या फ्रेंच दांपत्याने ज्वालामुखीच्या धोक्यांवर केलेली चित्रफीत १९९१ मध्ये फिलिपिन्समध्ये पिनातुबो ज्वालामुखीच्या परिसरात दाखवली गेली. तप्त राखेचे लोट पडद्यावर पाहिल्यावर अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना धोका पटला, हजारो लोक वेळेत हलले. १५ जूनच्या महास्फोटाने पुढे पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरवले. क्राफ्त दांपत्य मात्र त्याआधीच, ३ जूनला, जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीवर चित्रीकरण करताना गेले. त्यांच्या चित्रफितीत सजावट नव्हती, जवळून टिपलेला पुरावा होता.

म्हणून या परिषदेत प्रत्येक चित्रपटानंतर दिग्दर्शकाबरोबर संशोधकही आपल्यासमोर बसतील. गिरणगावच्या प्रेक्षकाने त्यांना ‘हे कशावरून?’ असे मोकळेपणाने विचारावे, अशी विनंती करतो आणि परिषदेच्या कामकाजाला सुरुवात करण्याची अध्यक्षांना विनंती करतो.