पिल्लाला ‘थांब’ शिकवताना

शेळ्यांबरोबर रानात जाईल, पण शेजारच्या कोंबडीला तोंड लावणार नाही, असं कुत्रं आपल्याला प्रत्येकीला हवं असतं. आमच्या गटात बहुतेक जणींकडे शेळ्या आहेत. बचतीचा हिशेब संपला की कुत्र्याचा विषय निघतोच. कुणाच्या कुत्र्यानं कुणाची तलंग मारली, त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं आणि एखाद्या दिवशी कुत्रं विष खाऊन पडलेलं सापडतं. म्हणून आज पिल्लाच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलू.

दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत जे रोज दिसतं, ऐकू येतं, ते त्याला ओळखीचं होऊन जातं. त्याच वयात त्याला गोठ्याजवळ, शेळ्यांच्या वासात ठेवावं. एखादी जुनी शेळी ढुशी देईल, तीही थोडी शिकवणच.

आता पाठलागाचं. बांधावरून तित्तर भुर्रकन उडाला की पिल्लू सुटलंच. काही पिल्लं मात्र आधी थबकतात. मान पुढे, शेपूट ताठ, एक पाय वर. युरोपातल्या शिकाऱ्यांनी हीच सवय पिढ्यान्‌पिढ्या निवडून ‘पॉइंटर’ जातीची कुत्री तयार केली. ही कुत्री वासावरून पक्षी हुडकतात आणि जागच्या जागी उभी राहून दाखवतात. त्यांना शिकवताना सगळा भर थांबण्यावर असतो आणि त्यासाठी गळ्यात लांब दोरी असते. आपल्याला घ्यायची ती दोरी, शिकार नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तित्तर, लावे मारणं गुन्हा आहे. शिवाय तित्तर वाळवी आणि किडे खातो, अंडी जमिनीवरच घालतो. मोकाट कुत्र्यापुढे त्याचं घरटं टिकत नाही.

सुरुवात भाकरीपासून करा. ताटली खाली ठेवण्याआधी ‘थांब’ म्हणा. पहिल्या दिवशी दोन मोजेपर्यंत थांबलं तरी पुष्कळ, मग दहापर्यंत न्या. घरात सगळ्यांनी शब्द एकच वापरायचा. सासूबाई ‘हाड’ म्हणतात, पोरगं ‘स्टॉप’ म्हणतं, मग त्या बिचाऱ्यानं कुणाचं ऐकायचं?

मग वीस-पंचवीस फुटांचा हलका कासरा पट्ट्याला बांधा, तो जमिनीवर लोळू द्या आणि कोंबड्या फिरतात तिथे पिल्लाला न्या. कान टवकारून त्यानं कोंबडीवर नजर लावली की त्याच क्षणी ‘थांब’ म्हणा आणि कासऱ्यावर पाय ठेवा. पळायला लागल्यावर उशीर झालेला असतो. हिसका देऊ नका, मान दुखावते. थांबलं की भाकरीचा तुकडा द्या. रोज पाच-दहा मिनिटं पुरतात.

काठी घेऊन मागे धावण्यात अर्थ नाही. त्याला तो खेळ वाटतो. परत आल्यावर बडवलं, तर परत आलं की मार बसतो एवढंच ते शिकतं. कच्चं मटण दिलं की कुत्र्याला चटक लागते, असं काही जणी म्हणतात. आम्हाला त्यापेक्षा उपाशी कुत्र्याची भीती जास्त वाटते.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तेव्हा. कुठलंही कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

कासरा काढायची घाई करू नका. आधी तो आखूड करत न्या. समोरून पक्षी उडाला आणि पिल्लू तुमच्याकडे वळून पाहू लागलं, असं आठ-दहा दिवस दिसलं की सोडा. मात्र शेळी व्यायला आली की कितीही शहाणं कुत्रं असलं तरी लांब बांधा. वार पडून ती पुरेपर्यंत आणि करडू कोरडं होऊन उभं राहीपर्यंत त्याला सोडू नका.