ताटभर रवा आणि खजुराच्या बिया

(अझैबा येथे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केलेल्या भाषणाचा मजकूर)

हळदीकुंकवाला भाषण म्हटल्यावर थोड्या दचकला असाल. घाबरू नका, तिळगूळ काही गार होत नाही.

टेबलावरचा पसारा बघून मघाशी कुणीतरी विचारलं, "हे वाण का?" वाण नव्हे, माझ्या मुलाची शाळा आहे ती.

तो दुसरीत असताना मी "पंचवीस" म्हटलं की हमखास ५२ लिहायचा. मी रागवायची. लक्ष नाही, आळस आहे, हे माझं निदान. एक दिवस गादीखाली लपवलेली गणिताची वही सापडली आणि माझी झोप उडाली. सुट्टीत मुंबईला रीतसर तपासणी झाली, तेव्हा 'अध्ययन-अक्षमता' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. बुद्धी उत्तम, पण अक्षरं आणि आकडे डोक्यात बसायला त्याला वेगळी वाट लागते.

मग काय, मी उत्साहाने कामाला लागले. रंगीत चित्रांचा झकास तक्ता केला, लॅमिनेट केला. पोरगा घडाघडा वाचायला लागला! दोन आठवड्यांनी चित्रं झाकली, तर एक शब्द वाचता येईना. तो चित्र बघून शब्द म्हणत होता. तक्ता शोभेचा निघाला. तेव्हा कळलं, की कात्री हातात घेण्याआधी मुलाची चूक नीट बघायची. नेमका कुठे अडतो ते.

त्या ५२ चंच बघा. आपण मराठीत पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर. शाळेत इंग्रजीत क्रम उलटा. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं आणलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मीही हसले होते. आता हसत नाही.

आमचं साधन असं : रिकाम्या काड्यापेट्या, प्रत्येकीत खजुराच्या धुतलेल्या दहा बिया. इथे बियांना काय तोटा! सुट्यांसाठी अझैब्याच्या किनाऱ्यावरचे शिंपले. "पंचवीस" म्हटलं की डावीकडे दोन पेट्या, उजवीकडे पाच शिंपले, आणि मगच पेन्सिल. सुरुवातीला तो दर वेळी पेटी उघडून बिया मोजायचा. मला घाई व्हायची, पण मोजू दिलं. एक दिवस त्याने पेटी उघडलीच नाही.

ही युक्ती काही माझी नव्हे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला बालशिक्षणाच्या कामाला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया हाताशी धरल्या. समुद्र बोर्डीलाही आहे आणि आपल्यालाही.

दुसरी अडचण आरशातल्या जोड्यांची. इंग्रजी स्मॉल 'बी' आणि 'डी', आपले ३ आणि ६. (गाड्यांच्या पाट्यांवरचे अरबी सात-आठ तर एकमेकांना चक्क उलटे टांगलेले!) त्यासाठी पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. खरखरीत अक्षरावर बोट फिरवायचं, तोंडाने उच्चार करायचा. 'बी'ला आधी काठी, मग पोट. 'डी'ला आधी पोट, मग काठी. दोन्ही एकाच दिवशी मात्र शिकवू नका. मी शिकवली आणि गोंधळ दुप्पट केला. एक पक्कं झालं की दुसरं.

आणि हे ताट. त्यात बारीक रवा, पसरून. आपल्या आजे-पणज्यांच्या काळची धूळपाटीच की! चुकलं तर हात फिरवला, संपलं. लाल शेरा नाही. वही लपवणारं पोर ताटासमोर मात्र आपणहून येऊन बसलं.

दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. जांभई आली की आवरायचं. यातलं काहीही तज्ज्ञांच्या तपासणीऐवजी नाही, हे लक्षात असू द्या. शंका असेल तर थांबू नका, मी दीड वर्ष फुकट घालवलं.

आता टेबलापाशी या. हाताळून बघा. सांडलं तरी चालेल, रवाच आहे.