दिवाडी बेटावरचे चार दिवस
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या.

लग्नाला २२ वर्षे झाली. घर सोडले ते माहेरी जायला, नाहीतर देवाला. गेल्या माघात मुलीने हट्टाने गोव्याला नेले. समुद्रावरची गर्दी नको म्हणून जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरलो. तिथे पूल नाही, म्हणून शांतता टिकली आहे. लवळ्यात तेव्हा पहाटे कुडकुडत होतो. तिथे अंगणात उबदार ऊन. भातशेती, बगळे, टेकडीवर चर्च. श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ स्थान याच बेटावर. पोर्तुगीजांनी देऊळ पाडले. देव नदीपलीकडे नार्व्याला नेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजीमहाराजांनी १६६८ साली करविला. दुसऱ्या फेरीबोटीने तिथेही दर्शन घेतले.

पहिल्या दिवशी रिकामे बसवेना. आयता चहा हातात आला आणि डोळे भरले. पण तो चहा करणाऱ्या घरच्या बाई पहाटेपासून राबत होत्या! शेवटच्या दिवशी मी भांडी घासायला बसले, तर त्यांनी हाताला धरून उठवले.

परतल्यावर हे म्हणाले, "तुझ्यावाचून चूल काही बंद पडली नाही." बरे वाटले, आणि जरा वाईटही.

भगिनींनो, चूल बंद पडत नाही. म्हणून मंडळाने दरसाल सहल काढावी, आणि सहलीत कामे वाटून घ्यावीत. एकीची विश्रांती दुसरीचे ओझे होऊ नये.